नवोदित असल्याचा दाखला

गंगाताई गोताड नवोदित आहेत की नाहीत, या प्रश्नाने गेल्या वर्षी रत्नागिरीत चांगलाच धुरळा उडवला. रत्नागिरीत म्हणजे अगदी सगळ्या रत्नागिरीत नव्हे. साळवी स्टॉपच्या अलीकडे 'सागरछाया' नावाची एक तीन मजली इमारत आहे. तिथून सागर दिसत नाही आणि छाया पडते ती शेजारच्या पाण्याच्या टाकीची. पण त्या इमारतीतली बारा बिऱ्हाडं, एक तलाठी, एक माजी नगरसेवक आणि मुंबईच्या एका प्रतिष्ठानाची इथली शाखा, एवढ्या मंडळींना महिनाभर दुसरा विषय नव्हता हे खरं.

एकोणसाठ वर्षांची बाई नवोदित कशी, असं तुम्ही विचाराल. विचारा. सगळ्यांनीच विचारलं. गंगाताईंचे यजमान काशीराम गुरुजी, जे पस्तीस वर्षं प्राथमिक शाळेत शिकवून निवृत्त झाले आणि ज्यांना अजून कुणी प्रश्न विचारला की आधी खडू शोधावासा वाटतो, त्यांनीसुद्धा चष्मा वर सरकवून विचारलं. गंगाताईंनी जाहिरात त्यांच्यापुढे धरली. 'नवोदित वस्त्रकलाकारांना आवाहन' असा मथळा होता. आलेल्या कामांचं तीन दिवस प्रदर्शन भरवणार, त्यातून दहा कलाकार निवडणार. मग मारुती मंदिराच्या पुढे प्रतिष्ठानाने भाड्याने घेतलेल्या जुन्या बंगल्यात त्या दहा जणांना वर्षभर एकत्र बसून काम करायला मिळणार. वयाची अट कुठेही नव्हती. आणि शेवटून दुसरी ओळ अशी होती की, प्रत्येक कलाकारास सहा फूट बाय तीन फुटांचे स्वतंत्र टेबल देण्यात येईल.

गंगाताईंनी ती ओळ पेन्सिलीने अधोरेखित केली होती. त्यांना टेबल हवं होतं. बाकी सगळं ठीक, पण टेबल हवं होतं. एका सरकारी कार्यालयात आवक-जावक विभागात तेहतीस वर्षं त्या वरिष्ठ लिपिक होत्या आणि तेहतीस वर्षं त्यांचं स्वतःचं टेबल होतं. साहेबसुद्धा त्यावर फाइल ठेवताना विचारून ठेवत. निवृत्तीच्या दिवशी शाल मिळाली, नारळ मिळाला, भिंतीवरचं घड्याळ मिळालं, टेबल तिथंच राहिलं. घरी होतं ते जेवणाचं टेबल. त्यावर शिवण मांडून बसावं तर दिवसातून चार वेळा आवरावं लागे. चहा, जेवण, परत चहा, परत जेवण. गुरुजी 'अगं, जरा सरकव' म्हणायचे ते काही वाईट मनाने नाही, पण अर्ध्या टाक्यावर सुई ठेवून पानं मांडायची वेळ आली की गंगाताईंना भारी लागायचं. आपली या घरात वीतभर जागा नाही असं वाटायचं, आणि ते खोटंही नव्हतं.

आता त्या शिवत काय होत्या, ते सांगायला हवं, कारण भानगड सगळी तिथंच आहे.

कोकणात बाईचा अर्धा जन्म डाग काढण्यात जातो. काजूचं बोंडू खाताना रस अंगावर सांडला की सदरा गेला. केळफूल सोलताना पदराला लागलं की पदर काळा. फणसाचा चीक, कोकमाच्या रतांब्याचा रस, आंब्याचा डीक, हळद, पावसाळ्यातली तांबडी माती, ट्रंकेच्या बिजागरीचा गंज. गंगाताईंनी लहानपणी याच डागांसाठी आईच्या शिव्या खाल्ल्या, लग्नानंतर सासूच्या ऐकल्या, आणि मग रीतीप्रमाणे मुलांना दिल्या. निवृत्त झाल्यावर एके दिवशी त्यांच्या मनात आलं की हा एवढा जन्मभराचा ऐवज आपण धुऊन टाकत आलो, तो कधी नीट बघितलाच नाही. त्यांनी मांजरपाटाची एक मोठी पांढरी चादर घेतली आणि मार्च ते मे त्या चादरीवर एकेक डाग स्वतःच्या हाताने घातला. घाईत नाही. बोंडाचा रस किती वेळ ठेवला की तपकिरी होतो, केळीचा चीक उन्हात काळा पडतो की सावलीत, हे बघत बघत. मग प्रत्येक डागाच्या कडेने लाल दोऱ्याने धावदोरा घातला आणि खाली बारीक अक्षरं भरली. 'काजू, पालीचा माळ, १४ मार्च.' 'फणस, गुरुजींनी विळी हातात घेतली ती दुपार.' असे अकरा डाग. चादर कधी गॅलरीत लावली की गंगाताई चहाचा कप घेऊन समोर उभ्या राहत आणि आपण हे केलं याचं त्यांना मनापासून बरं वाटे.

गॅलरीत लावली म्हणजे ती सगळ्या सागरछायेला दिसली, हे ओघाने आलं. आमच्याकडे माणूस आजारी पडला तर लोक दोन दिवस वाट बघतात, पण चादरीवर डाग दिसला की जिना चढून येतात. कुणी लिंबू-मीठ सांगितलं, कुणी रॉकेल. तिसऱ्या मजल्यावरच्या काकांनी, ज्यांनी आयुष्यात स्वतःचा रुमाल धुतला नसेल, अर्धा तास रिठ्यावर व्याख्यान दिलं. सोसायटीच्या ग्रुपवर सेक्रेटरींचा निरोप आला की सभासदांनी कपडे स्वच्छ धुऊनच वाळत घालावेत, इमारतीची शोभा जाते. गंगाताई प्रत्येकाला सांगत की हे मुद्दाम आहे, ही कला आहे. लोक समजूतदारपणे मान हलवत. धुणं जमत नाही म्हणून बाई असं म्हणते, यात कुणालाच शंका नव्हती.

सगळ्यांत जास्त हाल झाले ते खालच्या मजल्यावरच्या स्वप्ना तांबेचे. स्वप्ना ज्युनिअर कॉलेजात रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहायक, पंचवीस वर्षांची नोकरी, आणि डाग काढण्यात तिचा हात धरणारं कुणी नाही. लग्नाच्या शालूवर आमरस सांडला तरी लोक आधी स्वप्नाला फोन करतात, मग नवरीला पाणी देतात. गंगाताईंवर तिचा जीव. म्हणून ती काही बोलली नाही. पण येता-जाता त्या चादरीकडे बघून ती असा श्वास सोडायची की गुरुजींना वाटलं तिला दम्याची सुरुवात आहे.

ऑक्टोबरात गंगाताई अर्ज घेऊन प्रतिष्ठानाच्या शाखेत गेल्या. तिथे रितेश नावाचा तिशीच्या आतला पोरगा कंत्राटावर होता. पोरगा स्वभावाने गरीब, पण नवीन. नवीन माणसाला नियमाचा फार आधार वाटतो. अर्जात कलाप्रकार विचारला होता : विणकाम, भरतकाम, छपाई, रंगाई, इतर. गंगाताईंनी 'इतर' वर खूण करून पुढे 'डाग' असं लिहिलं होतं. रितेशने ते दोनदा वाचलं आणि डाग हा कलाप्रकार होत नाही असं नम्रपणे सांगितलं. गंगाताईंनी तितक्याच नम्रपणे विचारलं की 'इतर' मध्ये काय काय येतं त्याची यादी आहे का. यादी नव्हती. मग डाग आला.

पण खरी मेख पुढे होती. रितेश म्हणाला, नवोदित असल्याचा दाखला जोडलेला नाही.

गंगाताईंनी अर्ज मागे घेऊन उलटून बघितला. तेहतीस वर्षं हे वाक्य त्या खिडकीच्या आतून बोलत होत्या, बाहेरून ऐकायची ही पहिलीच वेळ. असा दाखला कोण देतं, असं त्यांनी विचारलं. ते रितेशलाही माहीत नव्हतं, पण मागच्या वर्षी दुसऱ्या जिल्ह्यात एक चांगला नावाजलेला कलाकार नवोदित म्हणून शिरला होता, तेव्हापासून काहीतरी कागद हवा असं वरून तोंडी आलं होतं.

मग सुरू झाली वणवण. तलाठ्याने सांगितलं की माझ्याकडे रहिवास आहे, उत्पन्न आहे, हयात असल्याचा आहे, नवोदित नाही. हयातीचा हवा तर लगेच देतो. गुरुजींचे एक जुने विद्यार्थी माजी नगरसेवक होते, त्यांनी गुरुजींच्या शब्दाखातर लेटरहेडवर लिहून दिलं : 'सौ. गंगा काशीराम गोताड यांना मी गेली वीस वर्षे व्यक्तिशः ओळखतो. या संपूर्ण काळात त्या नवोदित आहेत. त्यांची वर्तणूक चांगली आहे.' रितेशने ते वाचून अडचण मांडली की वीस वर्षं नवोदित असलेलं माणूस नवीन कसं धरायचं. तशी त्याची शंका रास्त होती. सागरछायेत तोवर दोन तट पडले होते. एका तटाचं म्हणणं, या वयात बाईने योगासनं करावीत. दुसऱ्याचं म्हणणं, करू दे तिला, पण आधी चादर धुवावी.

गंगाताईंनी शेवटी ठरवलं की ज्या विद्येने आपण लोकांना छळलं तीच वापरायची. त्यांनी स्वतःच प्रतिज्ञापत्र लिहिलं, आणि ते इथे देतो, कारण तेहतीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी याहून चांगलं काही लिहिलं नव्हतं. 'मी शपथेवर लिहून देते की, माझ्या कामाचे आजवर कोठेही प्रदर्शन झालेले नाही. ते कोणी विकत घेतलेले नाही, फुकटही मागितलेले नाही. मला कलाकार म्हणून आजवर कोणीही हाक मारलेली नाही. घरातील व्यक्तींनी माझे काम पाहिलेले आहे, परंतु त्यांनी ते चांगले आहे असे म्हटल्याचे स्मरत नाही. करिता मी नवोदित आहे.' खाली साक्षीदार म्हणून गुरुजींची सही घेतली. गुरुजींनी दोनदा वाचलं, शेवटचं वाक्य जरा कडक होतंय म्हणाले, आणि सही केली. खोटं असतं तर त्यांनी केली नसती. सही करून झाल्यावर मात्र ते बराच वेळ गॅलरीत जाऊन उभे राहिले.

रितेशने कागद वाचला, गंगाताईंकडे बघितलं, आणि शिक्का मारला. एक अट होती, चादर नोव्हेंबरातल्या तिसऱ्या शुक्रवारी पाच वाजेपर्यंत प्रदर्शनाच्या सभागृहात लागली पाहिजे.

त्याच आठवड्यात गंगाताईंच्या चुलतभावाच्या मुलीचं पालीला लग्न. तुळशीचं लग्न झालं की आमच्याकडे सगळ्यांची लग्नं एकदम निघतात, त्याला इलाज नाही. सोमवारी जायचं, बुधवारी परत. गुरुजींचा गुडघा धरला होता म्हणून ते राहिले. जाताना गंगाताईंनी चादर त्यांच्या हातात दिली आणि बजावून सांगितलं की ही फक्त इस्त्री करून आणायची, बाकी काही करायचं नाही. गुरुजी चादर घेऊन निघाले. इस्त्रीवाल्याकडे लाइट नव्हती. परत येताना जिन्यात स्वप्ना भेटली आणि म्हणाली, द्या माझ्याकडे, मी करते. गुरुजींनी दिली. स्वप्नाने चादर उघडली आणि भरल्या डोळ्यांनी विचारलं की अशी घेऊन जाणार का ताई मुंबईच्या लोकांसमोर? गुरुजी जन्मात कुणाला 'नाही' म्हणाले नाहीत. ते म्हणाले, तेही खरंच.

एवढंच बोलले. पण माणसाचं आयुष्य बिघडवायला एवढं पुरतं.

बुधवारी संध्याकाळी गंगाताई घरात शिरल्या तर दिवाणखान्यात स्वप्ना आणि इमारतीतल्या पाच बायका ओळीने उभ्या. चेहऱ्यांवर असं समाधान की जणू मुलगी नांदायला लागली. मध्ये जेवणाच्या टेबलावर चादर. पांढरीशुभ्र. स्वप्नाने दोन दिवस रजा टाकली होती. फणसाच्या चिकाला खोबरेल तेल, गंजाला लिंबू, हळदीला साबण आणि नुसतं ऊन, रतांब्याला सोडा. केळीचा डाग राहील असं वाटलं होतं, पण तोही गेला. काजूने मात्र अंत बघितला, त्याला ताक लावून अकरा तास उन्हात धरावं लागलं आणि गच्चीवर पाळीपाळीने बायका राखणीला बसल्या. दोऱ्याचा एक टाका हलू दिला नाही, हेही तिने अभिमानाने दाखवलं.

गंगाताईंना रडू आलं नाही. राग आला. त्या खुर्चीवर बसल्या आणि चादरीवरून हात फिरवला. लाल दोऱ्याची अकरा कुंपणं होती, खाली नावं होती, तारखा होत्या, आत काही नव्हतं. बायका एकेक करून निघून गेल्या. स्वप्ना तेवढी राहिली.

"ताई, काय चुकलं का हो?"

"गो स्वप्ना, ते डाग मी घातले होते. तीन महिने बसून."

"पण तुम्ही म्हणायचात ते... खरंच मुद्दाम?"

"खरंच मुद्दाम."

स्वप्ना मटकन खाली बसली. दुसऱ्याने मांडून ठेवलेला प्रयोग बेसिनमध्ये ओतायचा नाही, हे ती पंचवीस वर्षं पोरांना ओरडून सांगत आली होती. जे गंगाताईंना आलं नाही ते रडू तिला आलं. गंगाताईंना तिला समजवावंसं वाटत नव्हतं, तरी पाण्याचा तांब्या त्यांनी पुढे केला.

बातमी जिन्यावरून खाली पोचेपर्यंत सल्ले वर यायला लागले. कुणी म्हणालं, चहा ओता. कुणी म्हणालं, आयोडीन. ज्या काकांनी रिठा सांगितला होता ते आता मोहरीचं तेल घेऊन आले. स्वप्नाने रडता रडता पोटॅशियम परमँगनेट सुचवलं, काजूसारखा रंग हुबेहूब येतो म्हणाली. गंगाताईंनी मान हलवली. काजूचं बोंडू मार्चशिवाय नाही, आणि खोटा डाग त्या घालणार नव्हत्या. शेवटी गुरुजी हळूच म्हणाले की जाऊ दे, पुढल्या वर्षी बघू.

"पुढल्या वर्षी मला साठ पूर्ण होतील," गंगाताई म्हणाल्या, "आणि तुम्ही परत इस्त्रीला द्याल."

त्या उठल्या आणि निळ्या दोऱ्याचं रीळ काढलं. स्वप्नाला वर बसवलं आणि पोलिसाने जबाब घ्यावा तसं विचारायला सुरुवात केली. हा कुणी काढला? कशाने? किती वेळ लागला? स्वप्नाने नाक पुसत पुसत सांगितलं. मग लाल कुंपणाच्या आत, जिथे डाग होता तिथे, गंगाताईंनी निळ्या दोऱ्याने भरलं : 'ताक, मग ऊन. अकरा तास. स्वप्ना.' दुसरी सुई ओवून त्यांनी स्वप्नाच्या हातात दिली आणि म्हणाल्या, घातले ते मी लिहिलेत, काढलेस ते तू लिही. स्वप्नाचा हात परीक्षानळीचा, सुईचा नाही. टाके वाकडेतिकडे पडले. गंगाताईंनी ते उसवले नाहीत. त्या वाकडेपणात एक राग होता आणि एक माया होती, आणि दोन्ही त्यांना हवी होती. दोन दिवस टेबल आवरलं गेलं नाही. गुरुजींनी ताट मांडीवर घेऊन गॅलरीत जेवण केलं आणि तक्रार केली नाही. सही केल्यापासून ते तसेही जरा जपूनच होते.

शुक्रवारी चार वाजता सभागृहात चादर लागली. साडेचारला रितेश अर्ज घेऊन आला. अर्जात कलाप्रकार 'डाग' आहे, मग डाग कुठे आहे, असं त्याने विचारलं. गंगाताई म्हणाल्या, गेला. रितेश म्हणाला, मग काम अर्जाप्रमाणे नाही. शिवाय अर्ज एकीचा आणि चादरीवर नाव दुसरीचंही. मग त्याला आपल्या परीने एक चांगली वाट सुचली. बाहेर मंडपात बचत गटांचे स्टॉल होते, कोकम सरबत आणि पोह्याच्या पापडांच्या मध्ये एक जागा रिकामी होती, तिथे चादर लावता येईल. तुम्ही दोघी गट म्हणून नोंद करा, म्हणाला.

गंगाताईंचे कान तापले. पापडाला त्या कमी लेखत नव्हत्या. पण आयुष्यात पहिल्यांदा शपथेवर स्वतःला कलाकार म्हणवून घेतलं आणि बारा दिवसांत कुणीतरी उचलून सरबताच्या शेजारी ठेवतंय, हे त्या सहन करणार नव्हत्या. त्यांनी पर्समधून पेन काढून रितेशपुढे धरलं.

"नाकारताय ना? नाकारा. लेखी द्या. कारणासकट."

आता हे जिल्ह्यातल्या कुठल्याही कार्यालयात जाऊन बघा. तोंडी नकार द्यायला माणसं एका पायावर तयार असतात, लेखी म्हटलं की त्यांना घरची आठवण येते. रितेशने कागद घेतला. लिहिलं, 'सदर चादर स्वच्छ असल्या कारणाने नाकारण्यात येत आहे.' स्वतःच वाचलं. पुन्हा वाचलं. कागदाची घडी घालून खिशात टाकली आणि चादर जरा डावीकडे तिरकी लागलीय एवढंच बोलून निघून गेला.

तीन दिवस त्या चादरीपुढे गर्दी हटली नाही. गर्दी शांतपणे बघणारी नव्हती, भांडणारी होती. काजूला ताक नाही चालत, कच्ची कैरी लागते, असं शिरगावच्या एका बाईंनी ठासून सांगितलं. दुसरीने तिला खोडून काढलं. एक आजी फणसाच्या कुंपणापाशी बोट ठेवून बराच वेळ उभ्या राहिल्या आणि आपल्या मुंबईला गेलेल्या मुलाच्या शर्टाचं काहीतरी बोलल्या, कुणाला उद्देशून ते कळलं नाही. प्रतिष्ठानाची मुंबईहून आलेली प्रमुख, सानवी नावाची तरुण बाई, मागे उभी राहून सगळं ऐकत होती आणि वहीत लिहीत होती. तिसऱ्या दिवशी गुरुजी एकटे आले. चादरीपुढे उभे राहिले. घरी आल्यावर म्हणाले, चांगलं झालंय. गंगाताईंनी विचारलं, हे आधी म्हणायला काय झालं होतं. गुरुजी म्हणाले, आधी मी पाहिलंच नव्हतं गो.

निकाल लागला. दहा नावं. मुरुडची, केळशीची, चिपळूणची, राजापूरची. खाली एक रेघ, आणि रेघेखाली : 'प्रतीक्षा यादी : १. गंगा काशीराम गोताड.' सानवीचा फोन आला. काम तिला फार आवडलं होतं, पण ते नक्की कुणाचं यावर समितीचं एकमत झालं नव्हतं. जागा झाली की कळवू, असं ती म्हणाली. गुरुजींनी धीर दिला की पहिला क्रमांक म्हणजे जवळजवळ कन्फर्मच. गंगाताईंना त्या शब्दाची पुरती ओळख होती. 'कळवू' म्हणून त्यांनी किती माणसं घरी पाठवली होती, आणि त्यातल्या एकालाही कळवलेलं त्यांना आठवत नव्हतं. त्या दिवशी मात्र त्या रडल्या, स्वयंपाकघरात, कांदा नसताना.

डिसेंबरच्या पहिल्या सोमवारी बंगला उघडला. दहाच्या ठोक्याला गंगाताई पडवीत हजर. आत जायचा त्यांना हक्क नव्हता, म्हणून गेल्या नाहीत. पडवीतल्या बाकावर बसून त्यांनी नवीन कापड मांडीवर घेतलं. रितेश बाहेर आला आणि अवघडून म्हणाला, मॅडम, तुमचं नाव वर आलं की कळवतो ना.

"कळव बाबा," गंगाताई म्हणाल्या. "मी इथंच बसत्ये. तुला लांब जायला नको."

मंगळवारी त्या आल्या. बुधवारीही आल्या. कॉलेज सुटलं की स्वप्ना डबा घेऊन यायची आणि वाकडे टाके घालायची. गुरुवारी आत काहीतरी पडल्याचा आवाज आला आणि मुरुडची एक मुलगी हातात विणलेलं पांढरं कापड घेऊन धावत बाहेर आली. सहा महिन्यांचं काम, आणि त्यावर कपभर चहा. स्वप्नाने कापड घेतलं, वास घेतला, आणि पहिल्या दिवसापासून पर्समध्ये काय काय घेऊन फिरत होती ते काढलं. तासाभरात डाग नव्हता. शुक्रवारी केळशीचा एक जण आला, त्याला जुन्या जाळ्याच्या सुतावर गंजाचा डाग घालायचा होता आणि तो पसरत होता. त्याला गंगाताईंनी शिकवलं. मग काढायचं असेल तर स्वप्नाकडे आणि घालायचं असेल तर गंगाताईंकडे, असा शिरस्ताच पडला. विचारायला बाहेर आलेलं माणूस बसायचं, बसलं की कामही बाहेर आणायचं. आत तशीही 'शांतता राखा' अशी पाटी होती आणि पंखा रडायचा. पडवीत उजेड होता, गप्पा होत्या, स्वप्नाच्या डब्यातली तांदळाची बोरं होती. जानेवारीत संक्रांत झाली आणि तिळगूळ वाटायला गुरुजी आले, तेव्हा पडवीत बारा माणसं दाटीने बसलेली होती आणि आत दहा टेबलं रिकामी.

त्याच आठवड्यात सानवी पाहणीला आली. रितेशने तिला आतली टेबलं दाखवली आणि त्याच्या कपाळाला घाम आला. सानवी बाहेर पडवीत आली. राजापूरच्या मुलाला पुण्याला नोकरी लागली होती, तो सोडून चालला होता. तिने आनंदाने सांगितलं की गंगाताई, तुमचा नंबर लागला, एक टेबल मोकळं झालंय, आत या.

सगळ्यांचे हात थांबले. गंगाताईंनी हातातला टाका पुरा केला, दोरा दाताने तोडला.

"मला एक आणि स्वप्नाला एक. दोन लागतील," त्या म्हणाल्या. "आणि आत नको. बाहेर काढून द्या."

सानवीने रितेशकडे बघितलं. रितेशने विचारलं, कुठली दोन?

"आता ही सगळी इथं बसतायत, तर दोनच कशाला? सगळीच काढा."

रितेश नियम आठवत उभा राहिला. टेबल आतच ठेवावं असं कुठे लिहिलेलं आहे का, हे त्याला आठवेना. सानवीने पर्स बाकावर ठेवली, आत गेली आणि खिडकीजवळच्या टेबलाचं एक टोक धरलं. मग रितेशला जाऊन दुसरं धरावंच लागलं.

"दार अरुंद आहे," गंगाताईंनी बसल्या जागेवरून सांगितलं. "आडवं करून काढा."